वाऱ्याची तोफ आणि गेझिनेच्या फळ्या

आमच्या व्युस्टेनब्रोक गावात खिडकीची काच कधी घट्ट बसवत नाहीत. गाव आणि तोफांच्या चाचणीचे मैदान यांच्यामध्ये पाइनचे एक रान, एवढेच काय ते अंतर. मैदानातल्या मनोऱ्यावर वेताचा विणलेला लाल गोळा चढला की बार होणार. मग घरोघरी खिडक्या सताड उघडायच्या, फळीवरच्या बश्या खाली उतरवायच्या आणि बार होऊन गोळा उतरला की सगळे पुन्हा जागच्या जागी. पण माणूस कधी शेतात असतो, कधी गोठ्यात. म्हणून आमच्या सुतारांनी पूर्वीच दुसरी सोय करून ठेवलेली. काच चौकटीत बसवताना कडेने नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, पट्टी घालायची आणि नखभर फट सोडायची. हादरा आला की काच जराशी मागे सरते, कुरकुरते आणि परत जागेवर येते. घट्ट काच फुटते, सैल काच टिकते. हे आमच्याकडे मुलांना चमचा धरता येण्याआधी कळते.

याच सवयीपायी चव्वेचाळीस सालच्या नोव्हेंबरात आमच्या गावच्या एका तरण्या माणसाचा जीव टांगणीला लागला होता. आणि तो टांगला होता त्याच्या बायकोनेच.

ती गेझिने ड्राल्ले. पुढे ती साऱ्या गावाची मावशी झाली. मी लाकडाच्या गिरणीत हिशेबाला लागलो तेव्हा ती मोठ्या करवतीवर होती, आणि करवत चालू असतानाही तिचे बोलणे कचेरीत ऐकू येई. ही हकिगत मी तिच्याकडून ऐकली, तिच्या नवऱ्याकडून ऐकली, आणि दोघांच्या सांगण्यात जिथे मेळ बसेना तिथे तिच्या सासूचे म्हणणे खरे धरले. कारण आल्विने म्हातारी कुणाचीच बाजू घेत नसे.

काय काय तोफा आल्या होत्या त्या वर्षी मैदानावर! एक होती कोपऱ्यापलीकडे मारा करणारी, नळीच वाकवलेली. तिने पहिल्याच दिवशी आपल्याच वाळूच्या पोत्यांना भोके पाडली. एक लांबच लांब, माशाच्या काट्यासारखी दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेली. तिचा एक सांधा उडाला तो रान ओलांडून पाद्रीबुवांच्या सलगमाच्या वाफ्यात पडला. एक आवाजाची तोफ होती. दोन अवाढव्य ताटल्या समोरासमोर, आणि त्यातून निघणाऱ्या गर्जनेने म्हणे शत्रू जागच्या जागी कोसळणार. समोर मेंढ्या बांधल्या होत्या. त्यांनी माना वर करून बघितले आणि पुन्हा चरायला लागल्या.

गाव हसायचे, पण हसू फार वेळ टिकत नसे. तोफ नापास झाली की तोफ भंगारात आणि तिच्यावरची माणसे पूर्वेच्या आघाडीवर, हा शिरस्ता होता. ताटल्यांच्या तोफेवरची पोरे सप्टेंबरात गेली. आमच्या स्टेशनावर गाणी म्हणत गाडीत चढली. नंतर त्यांच्यापैकी कुणाचे पत्र आले नाही.

आणि मग आली वाऱ्याची तोफ. गुडघ्यात दुमडलेल्या राक्षसाच्या पायासारखी एक प्रचंड नळी, लाकडी घोडीवर आडवी टाकलेली. तिच्याबरोबर दक्षिणेतल्या श्वाबियाकडचे इंजिनिअर आले, फ्लायडरर नावाचे. भला माणूस, पण बोलायचा असा की आमच्या लोकांना निम्मे कळायचे नाही, आणि बटाटा सोडून रोज शेवया मागायचा. त्यांच्या हाताखाली तोफेवर जी माणसे नेमली त्यांत गेझिनेचा नवरा हिन्नर्क होता. गॅसच्या बाटल्यांच्या तोट्या त्याच्या ताब्यात.

पहिल्या संध्याकाळी आल्विनेने मुलाला विचारले, "ही उडवते तरी काय?"

"हवा."

"हवेत काय भरून?"

"काही नाही, आई. नुसती हवा. हवेचाच गोळा होतो."

"अगं बाई! आमचे पाद्री दर रविवारी हेच करतात. त्यांना कधी नळी लागली नाही."

हिन्नर्क मात्र हरखून गेला होता. जेवताना काटा हातात धरून तो सांगे, "हायड्रोजन आणि ऑक्सिजन अगदी मापात कोंडायचे. ठिणगी दिली की असा धडाका होतो, आणि नळीतली हवा दाबून गोळ्यासारखी सुटते. दिसत नाही काही! फक्त गवत आडवं पडत जातं, जणू कुणी अदृश्य घोडा दौडत चाललाय. आणि दोनशे मीटरवरची इंचभर जाडीची फळी, गेझिने, कडाडकन दोन तुकडे! विमानाचा पंखही मोडेल म्हणतात साहेब."

"विमान दोनशे मीटरवर येऊन थांबणार आहे का तुमच्यासाठी?" गेझिनेने विचारले.

"ते कर्नल ठरवतील. आपण फळ्या मोडायच्या."

कर्नल म्हणजे बर्लिनहून येणारे ओस्टरलो. त्यांच्यासमोर तोफेने फळ्या मोडल्या तर तोफही राहणार आणि तोफेवरची माणसेही. नाही मोडल्या तर स्टेशन, गाडी, पूर्व. हिन्नर्कचा थोरला भाऊ त्याच वाटेने गेला होता आणि त्याचा फोटो काळी फीत लावून आल्विनेच्या चुलीवर टांगलेला होता. घरात हा विषय कुणी काढत नसे. फोटो पुसताना आल्विने हिन्नर्ककडे बघायची नाही.

चाचणीच्या चार दिवस आधी निशाणाच्या फळ्या बनवणारा म्हातारा बोडे तापाने अंथरुणाला खिळला. मैदानाच्या सुतारखान्यात गेझिने खिडक्यांच्या चौकटी करत होती. तिचे वडील काचेचे कारागीर, हात त्यांच्याकडून आलेला. मुकादमाने तिलाच सांगितले, "ड्राल्लेबाई, फळ्या तुम्ही करा. एवढ्या उंच चौकटी, त्यात इंचाच्या फळ्या. आणि नीट करा, कर्नल येताहेत."

नीट! नवऱ्याचा जीव ज्यावर ठरणार ते काम गेझिने कशी बेफिकिरीने करील? तिने निवडून लाकूड घेतले. कडा रंधून गुळगुळीत केल्या. चौकटी काटकोनात धरून पाहिल्या. आयुष्यात इतके सुबक काम आपण केले नव्हते, असे ती मला सांगायची. फ्लायडररसाहेबांनी येऊन फळीची जाडी मोजली, लाकडावर बोटे वाजवली आणि खूश होऊन गेले. कडेच्या पट्टीखाली काय आहे ते बघायचे त्यांना कारणच नव्हते.

चाचणीचा दिवस उजाडला तो लख्ख, कोरडा आणि बोचऱ्या थंडीचा. लाल गोळा चढला. गावात खिडक्या उघडल्या. तोफेपाशी कर्नल, त्यांचे अधिकारी, फ्लायडररसाहेब आणि तोट्यांवर हिन्नर्क. दोनशे मीटरवर तीन चौकटी ओळीने उभ्या, आणि त्यांच्या बाजूला मातीच्या खंदकात गेझिने एकटी. तिच्याजवळ हातोडा, खिळ्यांची पिशवी आणि तोफेपर्यंत तार ओढलेला टेलिफोन. बार झाला की बाहेर येऊन फळ्या पाहायच्या आणि काय झाले ते टेलिफोनवर सांगायचे, हे तिचे काम.

पहिला बार! जमीन हादरली. कान बंद झाले. गेझिनेने डोके वर काढले तर गवत उलटे झोपले होते आणि धूळ अजून पळत होती. फळ्या मात्र उभ्या. नुसत्या गुणगुणत होत्या, काठी मारलेल्या डब्यासारख्या.

टेलिफोन वाजला. "फुटल्या?" फ्लायडररसाहेब.

"नाही, साहेब."

"एकही नाही?"

"एकही नाही."

दुसऱ्या बाराला त्यांनी गॅसचा दाब वाढवला. खंदकाच्या कडेची माती गेझिनेच्या मानेवर ओघळली. ती धडपडत वर आली. फळ्या उभ्या! या वेळी तर पहिल्या चौकटीवर एक चिमणी येऊन बसली होती.

टेलिफोनवर तिने "नाही" म्हटले आणि पलीकडे साहेबांच्या हातातला रिसीव्हर तसाच खाली गेला असावा, कारण तिला कर्नलांचा आवाज ऐकू आला. ओरडत नव्हते ते. शांतपणे म्हणत होते, "मला तोफ हवी होती, फ्लायडरर. तुम्ही मला पंखा दाखवलात. नळी भंगारात द्या. माणसं उद्याच्या गाडीनं पूर्वेला."

गेझिनेने रिसीव्हर ठेवला आणि ती चौकटींकडे वळली. आधार म्हणून तिने मधल्या फळीवर हात टेकला.

फळी जराशी मागे सरली, कुरकुरली आणि परत जागेवर आली.

क्षणभर तिला काही कळलेच नाही. मग कळले, आणि अंगातून वीज गेली. नमदा! नखभर फट! हात काम करत होते तेव्हा डोके नवऱ्याच्या काळजीत होते, आणि हातांनी वडिलांनी शिकवले तेच केले होते. फुटण्यासाठी बनवायच्या फळ्या तिने न फुटण्यासाठी बसवल्या होत्या. तीनही!

तिने रिसीव्हर उचलला. "साहेब! पुढचा बार भरलाय का?"

"भरलाय," फ्लायडररसाहेबांचा आवाज पार खचलेला. एकदा कोंडलेले मिश्रण परत बाटलीत जात नसे, उडवूनच मोकळे करावे लागे. "उडवतो आणि आवरतो आता. तुम्ही खंदकात जा."

"थांबा! मी सांगेपर्यंत उडवू नका!"

"काय झालं?"

पण रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. गेझिनेने मूठभर खिळे तोंडात धरले आणि ती चौकटींवर तुटून पडली. ठाक, ठाक, ठाक! फळीतून आरपार, थेट चौकटीच्या लाकडात. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. एक खिळा वाकला, दुसरा ठोकला. अंगठ्यावर हातोडा बसला, तिकडे बघायला वेळ नव्हता. ठोकण्याचा आवाज कोरड्या हवेत तोफेपर्यंत पोचत होता. मोटारीकडे निघालेले कर्नल थांबले आणि वळून बघू लागले, हे हिन्नर्कने पाहिले. आपली बायको भर माळावर वेड्यासारखी हातोडा चालवतेय, एवढेच त्याला कळत होते.

तिसरी चौकट संपली. गेझिनेने हात हलवला आणि खंदकात उडी टाकली.

बार!

आणि यावेळी गुणगुणणे नाही. कडाड! एकामागून एक, तीनदा! आभाळातून लाकडाच्या ढलप्यांचा पाऊस पडला. एक भलामोठा तुकडा खंदकावरून गिरक्या घेत गेला. धूळ खाली बसायच्या आत टेलिफोन किंचाळू लागला.

"फुटल्या? बोला ना! फुटल्या?"

"म्म्म्!" गेझिने म्हणाली. तोंडात अजून खिळे होते. ती ते थुंकली आणि ओरडली, "फुटल्या! चिंध्या झाल्या, साहेब! तिन्ही!"

तोफेवर टोप्या उडाल्या. पण कर्नलांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. ते पायी निशाणापर्यंत चालत आले, मागे बाकीचे. त्यांनी तुकडे चाळवले, वाकून एक पट्टी उचलली आणि गेझिनेसमोर धरली.

"हे काय?"

"नमदा, कर्नलसाहेब."

"खिळे आत्ता ठोकलेत. का? फळ्या मोडाव्यात म्हणून मागून करवतल्यात?"

हिन्नर्क तिच्याकडे बघत होता. खिळे सैल झाले होते, एवढे म्हणून ती सुटली असती. पण मग फळ्या मुद्दाम कमकुवत करून फ्लायडररसाहेबांनी लबाडी केली असे ठरले असते, आणि गाडी उद्याचीच राहिली असती. आणि खरे सांगायचे तर? कामात मुद्दाम खोट केली, असा त्याचा अर्थ निघायला त्या दिवसांत वेळ लागत नसे. त्याच उन्हाळ्यात मैदानाच्या कारखान्यातल्या एका लेथवाल्याचे माप चुकले आणि त्याला दोन माणसे घेऊन गेली होती. त्याची टोपी अजून खुंटीवर होती.

"शेवटच्या बाराला फळ्या जशा हव्यात तशा होत्या," गेझिने म्हणाली. "आधीच्या दोन बारांना नव्हत्या. त्या मी खिडकीच्या काचेसारख्या बसवल्या होत्या. धक्का खाऊन परत येतात. चूक माझी आहे. या माणसांची नाही, तोफेची नाही."

"मुद्दाम?"

"सवयीनं."

"सवयीनं!" कर्नलांनी तो शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "इंचाची फळी सवयीनं नमद्यात बसवणारं गाव मला बघायचंय."

मोटार रानातून निघाली. पुढे कर्नल आणि फ्लायडररसाहेब, मागच्या बाजूला हिन्नर्क आणि गेझिने, एकमेकांचा हात धरून, पोरांसारखे. रान संपले की पहिले घर ड्राल्ल्यांचेच. आत आल्विने तांब्याच्या हंड्यात बीटाचा पाक आटवत होती आणि स्वयंपाकघरात वाफेने माणूस माणसाला दिसत नव्हता.

दार उघडल्याचा आवाज होताच ती पाठ न वळवता ओरडली, "पाय पुसा!"

कर्नलांनी पाय पुसले. मग खिडकीपाशी जाऊन काचेवर अंगठा दाबला. काच मागे सरली, कुरकुरली, परत आली. वाफेत अंगठ्याचा ठसा तेवढा राहिला.

"काचेला हात कोण लावतंय? कालच पुसल्यात मी!" आल्विने वळली आणि तिला गणवेश दिसला. "तुम्ही होय... लावा. पण आता एवढ्या एकाच काचेला लावा."

"आजीबाई, ही काच सैल का?"

"तुमच्या तोफांमुळं, अजून कशामुळं! घट्ट बसवली तर सकाळी काच आणि दुपारी पुठ्ठा."

"काच समजलो. पण साधी लाकडी फळी बसवायची असेल तर?"

आल्विनेला प्रश्नामागचे काही ठाऊक नव्हते. तिला फक्त सुनेबद्दल तक्रार करायला एक नवा माणूस मिळाला होता. "कोण, ही? हिचं नाव काढू नका! गेल्या हिवाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्याला दार कर म्हटलं. केलं हिनं! नमदा घालून, फट सोडून, अगदी चर्चच्या खिडकीसारखं! फटीतून असा वारा घुसतो की कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं. मी म्हटलं, अगं, कोंबड्यांवर कोण तोफ डागणार आहे? म्हणते कशी, हात आपोआप जातो, आई!"

"आई, पुरे," हिन्नर्क पुटपुटला.

"का पुरे? विचारताहेत ना ते!"

कर्नल मागच्या अंगणात गेले. खुराड्यासमोर वाकले. दारावर अंगठा दाबला. दार मागे सरले आणि परत आले. आतून एक कोंबडी नाराजीने बोलली. गेझिने शपथेवर सांगे की कर्नल हसले. हिन्नर्क म्हणे, हसले नाहीत, शिंकले. आल्विनेच्या मते हसले आणि मग ते लपवायला शिंकले.

"फ्लायडरर," ते सरळ उभे राहत म्हणाले, "तुमची नळी वसंतापर्यंत इथं राहील. माणसंही. आणि या बाईंनी यापुढे निशाणाला हात लावायचा नाही. तुमच्या भोजनगृहात आज मी पुठ्ठ्याच्या खिडकीशेजारी दिवा लावून नाश्ता केला. तिथल्या काचा यांना बसवू दे."

मोटार गेली. तिघेही अंगणात उभे. गेझिने आता कुठे आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघू लागली.

"काय झालं काय आज?" आल्विनेने विचारले. हिन्नर्कने सांगितले. म्हातारी ऐकता ऐकता खुराड्याच्या कडेवर बसली. मग उठली, आत गेली, राय पावाचा जाड तुकडा कापून त्यावर गरम पाक ओतला आणि सुनेच्या हातात दिला. "खा," म्हणाली. "आणि ते दार राहू दे तसंच."

पुढे मी एकदा मावशीला विचारले होते की त्या तोफेने खरोखरच विमाने पाडली असती तर? तिने अंगावरचा लाकडाचा भुसा झटकला. म्हणाली, "ते खिळे मी एका माणसासाठी ठोकले. वर विमानात कोणाची पोरं बसली असतील, हे त्या दिवशी डोक्यात आलं नाही. नंतर आलं. पुष्कळदा आलं. बरं झालं, तिनं माझ्या फळ्यांशिवाय काही मोडलं नाही."

खरेच मोडले नाही. वसंतात तोफ एल्ब नदीवरच्या एका पुलाच्या रक्षणाला नेऊन ठेवली, हिन्नर्क आणि बाकीचे तिच्यासोबत. विमाने उंचावरून यायची. खालून तोफ ढगांवर फुंकर घालायची. एकदा एक रानबदक उडता उडता तिरके झाले, शिव्या दिल्यासारखे ओरडले आणि पुढे गेले. तेवढीच तिची शिकार.

एप्रिलमधल्या एका सकाळी गेझिने घराच्या दर्शनी भिंतीला शिडी लावून खिडकीत काच बसवत होती. दूरवर गडगड चालू होती, पण ती आता मैदानाची नव्हती आणि लाल गोळा वर चढवायला मनोऱ्यावर कुणी उरले नव्हते. शेताच्या बांधावरून एक माणूस चालत येताना तिला दिसला. टोपी नाही, पट्टा नाही, चिखल गुडघ्यापर्यंत. तिने चालीवरून ओळखले. शिडीवरून ती उतरली की पडली, यावर घरात कधी एकमत झाले नाही.

"तोफ कुठाय?" तिने विचारले, कारण दुसरे काही सुचले नाही.

"पुलापाशी."

"सोडून आलास?"

"तिची वाट बघणारं कुणी नव्हतं," हिन्नर्क म्हणाला.

आल्विने दारात आली. मुलाकडे बघितले. मग चुलीवरच्या फोटोकडे बघितले, मग पुन्हा मुलाकडे. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, फक्त जरा चिरका.

"पाय पूस," ती म्हणाली, "आणि आत ये."